घरच्या संगणकासाठी कॉम्प्रेशन सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉम्प्रेशनबद्दल येणारे प्रश्न वरवर निरनिराळे दिसतात, पण बहुतेकांच्या मुळाशी एकच गोंधळ असतो. फाइल किती लहान होते याकडे सगळं लक्ष, आणि ती पुढे कोण, कुठे, कशावर उघडणार याचा विचारच नाही. खालची उत्तरं त्या अंगाने दिली आहेत. घाई असेल तर प्रश्न ३ वाचा. बाकीचं अडेल तेव्हा.

१. झिप केल्यावर फाइल खरंच लहान होते की नुसती बांधली जाते?

दोन्ही होतं, पण ती दोन वेगळी कामं आहेत. बऱ्याच फाइली आणि फोल्डर एकत्र करून त्यांची एकच फाइल बनवणं म्हणजे आर्काइव्हिंग. माहितीतली पुनरुक्ती हुडकून तीच माहिती कमी जागेत लिहिणं म्हणजे कॉम्प्रेशन. झिप, रार आणि सेव्हन-झेड दोन्ही कामं एकदम उरकतात. टार मात्र फक्त बांधतं, लहान करत नाही. म्हणून त्याच्या शेपटीला जीझिप किंवा एक्सझेड यांसारखी नुसतं दाबणारी पद्धत जोडलेली दिसते.

पुनरुक्ती काढायची रीत वहीत ‘वरीलप्रमाणे’ लिहिण्यासारखी आहे. तोच मजकूर पुन्हा आला की तो लिहायचा नाही, ‘इतकी अक्षरं मागे जा, तिथून एवढी उचल’ अशी खूण ठेवायची. ही कल्पना अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव्ह यांनी १९७७ मध्ये मांडली. तिला डेव्हिड हफमन यांच्या १९५२च्या युक्तीची जोड मिळाली: जे वारंवार येतं त्याला आखूड खूण, जे क्वचित येतं त्याला लांब. झिपमधली ‘डिफ्लेट’ पद्धत म्हणजे या दोघांची सांगड. उघडल्यावर मूळ फाइल जशीच्या तशी मिळते, एक बिटही इकडचा तिकडे होत नाही. तेव्हा ‘झिप केल्याने फोटोचा दर्जा जातो का’ या नेहमीच्या शंकेचं उत्तर: नाही.

२. झिप, रार, सेव्हन-झेड, टार… एवढे प्रकार कशाला?

प्रत्येकाची जन्मकथा वेगळी. टार सगळ्यांत जुनं, १९७९च्या युनिक्समधलं, टेपवर फाइली साठवण्यासाठी केलेलं. झिप फिल कॅट्झ यांनी १९८९ मध्ये आणलं आणि त्याची रचना सगळ्यांना खुली ठेवली. आज ते सगळीकडे चालतं त्याचं मोठं कारण हेच. रार यूजीन रोशाल यांनी १९९३ मध्ये काढलं. ते उघडायची मुभा सर्वांना आहे, बनवायची नाही. सेव्हन-झेड हा इगॉर पावलोव यांच्या सेव्हन-झिप या मोफत प्रोग्रामचा फॉरमॅट; त्या प्रोग्रामची सुरुवात १९९९ची.

लोकांची सर्वांत जास्त गल्लत होते ती इथे: सेव्हन-झिप हा प्रोग्राम आहे, सेव्हन-झेड हा फाइलीचा प्रकार. विनरार प्रोग्राम, रार प्रकार. प्रोग्राम निवडताना तो काय काय उघडतो ते बघा. फाइलीचा प्रकार निवडताना ती कोणाकडे जाणार आहे ते बघा.

३. फार खोलात नको, काय टाकू तेवढं सांगा.

विंडोज असेल तर सेव्हन-झिप. मोफत आहे, आटोपशीर आहे, जाहिराती नाहीत, आणि झिप, रार, सेव्हन-झेड, टार, आयएसओ असं जवळजवळ काहीही उघडतं. दिसायला जुनाट आहे खरं, पण रोज बघत बसायची ती गोष्ट नव्हे. मॅक असेल तर फक्त उघडण्यापुरतं ‘द अनआर्कायव्हर’, आणि बनवायचंही असेल, विशेषतः पासवर्डसकट, तर ‘केका’. लिनक्सवर फाइल मॅनेजरमध्ये सोय असतेच. सेव्हन-झेड किंवा रार उघडलं नाही तर त्या-त्या प्रकाराचं पॅकेज तेवढं घाला.

आणि दुसऱ्याला पाठवायचं असेल तर डोळे झाकून झिप. समोरच्याकडे काय आहे ते आपल्याला ठाऊक नसतं, आणि झिप उघडत नाही असा संगणक सहसा सापडत नाही.

४. विंडोजमध्ये झिपची सोय आहेच की. मग वेगळं काही हवंच का?

महिन्यातून दोनदा कोणी पाठवलेली झिप उघडायची एवढंच काम असेल तर नको. एक्सपीच्या काळापासून ही सोय विंडोजमध्ये आहे. विंडोज ११ला २०२३च्या अखेरीपासून रार, सेव्हन-झेड आणि टारही उघडता येऊ लागलं, आणि २४एच२ आवृत्तीपासून सेव्हन-झेड व टार बनवताही येतं.

अडतं ते पुढच्या ठिकाणी. या सोयीत पासवर्ड घालून झिप बनवता येत नाही. हजारो बारीक फाइली असलेली झिप सोडवायला ती फार वेळ घेते. फाइलीचे तुकडे पाडणं, आर्काइव्हची तपासणी करणं या गोष्टी तिच्यात नाहीत. यांपैकी एक जरी गरज महिन्या-दोन महिन्यांनी पडत असेल तर सेव्हन-झिप टाकून ठेवा. दोन्ही एकाच संगणकावर सुखाने नांदतात.

विंडोज ११ वापरणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार: ‘टाकलं, पण राइट-क्लिक केल्यावर दिसतच नाही.’ मेनूच्या तळाशी ‘शो मोअर ऑप्शन्स’ असतं, त्याच्या आत बघा.

५. विनरार ४० दिवसांनंतरही चालतं. मग ते फुकटच समजायचं ना?

नाही. ४० दिवस वापरून बघायची परवानगी आहे. पुढे वापरायचं तर परवाना विकत घ्यावा लागतो. मुदत संपल्यावर प्रोग्राम बंद पडत नाही, नुसती आठवणीची खिडकी उघडत राहतो, एवढ्यावरून लोकांनी तो फुकट ठरवला आहे.

विकत घेण्याजोगं त्यात काही आहे का? आहे, पण थोड्यांसाठी. रार बनवणं अधिकृतपणे त्याच कंपनीच्या प्रोग्रामने होतं, आणि रारमध्ये ‘रिकव्हरी रेकॉर्ड’ ही एक खरोखर कामाची गोष्ट आहे (प्रश्न १७ पाहा). ती नको असेल तर घरच्या वापराला सेव्हन-झिप पुरून उरतं. आलेल्या रार फाइली उघडायला विनरार लागतं हा समज तर पूर्ण चुकीचा आहे. सेव्हन-झिप त्या उघडतं.

६. पीझिप, बँडिझिप, नानाझिप, विनझिप यांचं काय?

पीझिप मोफत आणि मुक्तस्रोत आहे. सेव्हन-झिपचा चेहरामोहरा आवडत नसेल त्यांनी घ्यावं. नानाझिप ही सेव्हन-झिपवरूनच केलेली आवृत्ती, विंडोज ११च्या नव्या मेनूत नीट बसणारी. बँडिझिप वेगवान आहे, पण त्याच्या मोफत आवृत्तीत जाहिराती येतात. विनझिप विकतचं, कामाच्या ठिकाणी आधीच असेल तर वापरा, घरासाठी मुद्दाम घ्यायचं कारण मला दिसत नाही.

७. दोन जीबी फोटो झिप केले आणि झिपही दोन जीबीचीच झाली. सॉफ्टवेअर बिघडलंय का?

सॉफ्टवेअर बरोबर आहे. जेपेग फोटो, एमपी३ गाणी आणि एमपी४ व्हिडिओ हे मुळातच दाबलेले असतात. त्यांच्यातली पुनरुक्ती कॅमेऱ्याने किंवा फोनने आधीच काढून टाकलेली असते, झिपला शोधायला काही उरत नाही. फार तर शेकड्यात दोन-चार टक्के वाचतील. प्रोग्राम बदलून किंवा ‘अल्ट्रा’ लावूनही यात फरक पडत नाही, फक्त वेळ जातो.

फोटोंचा आकार खरंच कमी करायचा असेल तर फोटोच लहान करावे लागतात: रिझोल्यूशन उतरवा किंवा दर्जा थोडा कमी करून पुन्हा सेव्ह करा. तिथे मात्र माहिती कायमची जाते, म्हणून मूळ प्रती जपून ठेवा. फोटो नुसते एकगठ्ठा पाठवायचे असतील तर कॉम्प्रेशनची पातळी ‘स्टोअर’ ठेवा. ते फक्त बांधतं आणि काही सेकंदांत मोकळं होतं.

नवे वर्ड आणि एक्सेलचे दस्तऐवज, ईपब पुस्तकं, अँड्रॉइडच्या एपीके फाइली याही आतून झिपच असतात, त्यामुळे त्या पुन्हा झिप करून फारसं हाती लागत नाही. याचा एक फायदाही आहे. कोणी वर्ड फाइलीत वीस फोटो चिकटवून पाठवले असतील तर तिच्यावर राइट-क्लिक करून सेव्हन-झिपने उघडा. आत ‘वर्ड’ नावाचं फोल्डर, त्यात ‘मीडिया’, आणि तिथे सगळे फोटो सुटे मिळतात.

भरपूर लहान होतात त्या साध्या मजकुराच्या फाइली, सीएसव्ही, प्रोग्रामचा कोड, लॉग आणि बीएमपी चित्रं.

८. सगळ्यांत जास्त कोण दाबतं? पातळी कायम ‘अल्ट्रा’ ठेवली तर?

मजकूर आणि कोडसारख्या गोष्टींत सेव्हन-झेड साधारणपणे झिपच्या पुढे असतं. कारण सोपं आहे. झिपची डिफ्लेट पद्धत पुनरुक्ती शोधताना फक्त मागचे ३२ केबी आठवते. त्याआधी तोच परिच्छेद येऊन गेला असला तरी तिच्या लेखी तो नवा. सेव्हन-झेडमधल्या एलझेडएमए पद्धतीची आठवण, म्हणजे त्या खिडकीत दिसणारी ‘डिक्शनरी साइझ’, कित्येक एमबींची असते.

सेव्हन-झिपची ‘अ‍ॅड टु आर्काइव्ह’ खिडकी उघडून बघा. डाव्या बाजूला वर प्रकार, त्याखाली पातळी, मग पद्धत, डिक्शनरी, आणि खाली ‘मेमरी युसेज फॉर कॉम्प्रेसिंग’ असा आकडा. पातळी ‘नॉर्मल’वरून ‘अल्ट्रा’वर नेली की हा आकडा कसा उड्या मारतो ते पाहण्यासारखं आहे. दाबताना डिक्शनरीच्या साधारण दहा-अकरा पट मेमरी लागते, आणि प्रोसेसरच्या अनेक धाग्यांवर (थ्रेडवर), म्हणजे एकाच वेळी अनेक वाटांनी, काम चाललं तर त्याहून जास्त. सोडवताना मात्र जेमतेम डिक्शनरीएवढी पुरते. म्हणून कमी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर ‘अल्ट्रा’ लावलं की सगळा संगणक गुदमरतो, पण तीच फाइल उघडताना त्रास होत नाही.

घरच्या कामाला ‘नॉर्मल’ पुरतं. त्यापुढे वाचणारी जागा थोडी आणि जाणारा वेळ फार. एकदाच बनवून वर्षानुवर्षं ठेवायच्या किंवा अनेकांनी उतरवून घ्यायच्या फाइलीसाठी ‘अल्ट्रा’ला अर्थ आहे. उलट वेग हवा असेल तर झेडस्टँडर्ड बघा. यान कोले यांनी केलेली ही पद्धत फेसबुकने २०१६ मध्ये खुली केली. लिनक्सवर ती आता सर्रास दिसते.

९. ‘सॉलिड’ आर्काइव्ह म्हणजे काय? ती खूण ठेवू की काढू?

साध्या झिपमध्ये प्रत्येक फाइल स्वतंत्र दाबलेली असते. सॉलिडमध्ये सगळ्या फाइली एकामागोमाग जोडून एक सलग प्रवाह समजून दाबतात, त्यामुळे एका फाइलीतली पुनरुक्ती दुसरीतही कामी येते. एकसारख्या शेकडो लहान फाइली असतील तर फरक लगेच दिसतो.

किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. शेवटची एकच फाइल हवी असली तरी प्रोग्रामला आधीचं सगळं सोडवत तिथवर यावं लागतं. आणि मधे कुठे बिघाड झाला तर त्या गठ्ठ्यातल्या पुढच्या फाइलीही अडकतात. वरचेवर त्यातून एखादी फाइल काढायची असेल तर सॉलिड बंद करा.

१०. झिपला पासवर्ड लावला म्हणजे आतलं सुरक्षित ना?

कोणता कुलूपप्रकार निवडला त्यावर सगळं आहे. झिपचं जुनं कुलूप, झिपक्रिप्टो, कमकुवत आहे. एली बिहाम आणि पॉल कोशर यांनी १९९४ मध्येच दाखवून दिलं की आतल्या मजकुराचे थोडेसे बाइट आधीच ठाऊक असले तर पासवर्ड न कळताही ते उघडता येतं. आणि बहुतेक फाइल प्रकारांची सुरुवात ठरलेलीच असते, तेव्हा थोडेसे बाइट ठाऊक असणं काही अवघड नाही.

गोची अशी की सेव्हन-झिपमध्ये झिप प्रकार निवडला की ‘एन्क्रिप्शन मेथड’मध्ये आधीपासून झिपक्रिप्टोच निवडलेलं असतं. ते बदलून एईएस-२५६ हा भक्कम कुलूपप्रकार निवडा. मग दुसरी अडचण येते: अशी झिप विंडोजचा स्वतःचा एक्स्प्लोरर सहसा उघडत नाही, समोरच्याकडेही सेव्हन-झिप किंवा तत्सम काही लागतं. आणि एईएस लावलं तरी झिपमधल्या फाइलींची नावं उघडीच राहतात. आतला मजकूर वाचता आला नाही तरी ‘राजीनामा’ आणि ‘रक्ततपासणी’ ही नावं वाचून कळायचं ते कळतंच.

नावंही झाकायची असतील तर सेव्हन-झेड प्रकार घ्या आणि ‘एन्क्रिप्ट फाइल नेम्स’वर खूण करा. इथे एईएस-२५६शिवाय दुसरा पर्यायच नाही, आणि प्रत्येक पासवर्डावर पाच लाखांहून जास्त वेळा गणिती प्रक्रिया होते, म्हणून एकेक पासवर्ड लावून बघणाऱ्याचा वेग मंदावतो. तरी चार आकडी पासवर्ड तो चार आकडीच. लांब ठेवा, आणि फाइल ज्या ईमेलने पाठवली त्याच ईमेलात पासवर्ड लिहू नका.

११. पासवर्ड विसरलो. काढून देणारं सॉफ्टवेअर आहे का?

झिपक्रिप्टो असेल तर आशा आहे, कारण प्रश्न १०मध्ये आलं आहे. एईएस असेल तर एकेक शक्यता लावून बघणारे प्रोग्राम असतात, पण ते तुम्हाला पासवर्ड अर्धामुर्धा आठवत असला तरच उपयोगी: ‘कुत्र्याचं नाव आणि पुढे कुठलंतरी साल’ अशा धर्तीवर. चांगला, लांब पासवर्ड पूर्ण विसरलात तर ती फाइल गेली असं समजा. ‘नक्की काढून देतो’ म्हणणाऱ्या संकेतस्थळांवर आपली खाजगी फाइल चढवू नका.

१२. फाइल ईमेलला जोडली जात नाही. तुकडे कसे पाडायचे?

बऱ्याच ईमेल सेवांची मर्यादा २५ एमबीच्या आसपास असते, शिवाय जोडलेली फाइल प्रवासात सुमारे एक तृतीयांशाने फुगते. त्यामुळे २४ एमबीची फाइलही कुठेतरी अडकू शकते. सेव्हन-झिपच्या त्याच खिडकीत डावीकडे खाली ‘स्प्लिट टु व्हॉल्यूम्स’ असतं. तिथे ‘१५एम’ असा आकडा इंग्रजी अंकाक्षरांत लिहा. खरं सांगायचं तर दोन-तीन तुकड्यांपुरतंच हे ठीक आहे. पाच-सहा ईमेल पाठवण्यापेक्षा क्लाउडवर ठेवून दुवा द्या.

तुकड्यांची खरी गरज पडते ती एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर. तिथे एक फाइल ४ जीबीपर्यंत पोचू शकत नाही, मग ड्राइव्ह ६४ जीबीचा का असेना.

ईमेल सेवा झिपच्या आतही डोकावतात, आणि आत ईएक्सई फाइल दिसली की सबंध ईमेल अडवतात. हा आकाराचा प्रश्न नव्हे. तुकडे पाडून सुटणार नाही.

१३. मला ००१, ००२, ००३ अशा फाइली आल्यात. प्रत्येक वेगळी उघडायची का?

नाही. सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये ठेवा, नावं बदलू नका, आणि फक्त पहिला (००१ किंवा ‘पार्ट१’) उघडा. बाकीचे प्रोग्राम आपले आपण ओढून घेतो. एक जरी तुकडा कमी असेल तर काम होणार नाही. ब्राउझरने दुसऱ्यांदा उतरवलेल्या फाइलीच्या नावात कंसात आकडा घातला असेल तर तेवढा काढून टाका. ‘तुकडा सापडत नाही’ या तक्रारीचं ते ठरलेलं कारण आहे.

१४. झिपमधला दस्तऐवज उघडून तासभर काम केलं, सेव्ह केलं, आणि आता बदल कुठेच नाहीत!

झिपमधल्या फाइलीवर दोनदा क्लिक केलं की प्रोग्राम तिची एक प्रत तात्पुरत्या फोल्डरमध्ये काढतो आणि ती उघडतो. तुम्ही सेव्ह केलं ते त्या प्रतीत. विंडोजच्या सोयीत अशी प्रत बहुधा ‘रीड-ओन्ली’ असते, म्हणजे निदान सेव्ह करताना अडवलं तरी जातं. सेव्हन-झिपमध्ये फाइल बंद केल्यावर ‘बदल झाला आहे, आर्काइव्हमध्ये घालू का’ असं विचारतात. पण मधल्या काळात तुम्ही सेव्हन-झिपची खिडकीच बंद केली असेल तर विचारणार कोण?

काम नुकतंच गेलं असेल तर संगणक बंद करण्याआधी युझरच्या ‘टेम्प’ फोल्डरमध्ये शोधा, आजच्या तारखेने क्रम लावून. वर्डच्या ‘रिसेंट’ यादीत त्या फाइलीचा पत्ता दिसतो, तोही उपयोगी पडतो. पुढच्या वेळी आधी एक्स्ट्रॅक्ट, मग काम.

१५. मॅकवरून आलेल्या झिपमध्ये प्रत्येक फाइल दोनदा दिसते, एक खरी आणि एक न उघडणारी. व्हायरस आहे का?

व्हायरस नव्हे. मॅक फाइलीसोबत स्वतःपुरती जास्तीची माहिती ठेवतो आणि झिप करताना ती ‘मॅकओएसएक्स’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये घालतो. तिथल्या फाइलींची नावं टिंबाने आणि अधोरेषेने सुरू होतात. विंडोजवर त्यांचा काही उपयोग नाही, खुशाल पुसा. पाठवणारा ‘केका’ वापरत असेल तर ही जास्तीची माहिती वगळायचा पर्याय त्यात आहे.

१६. फाइलींची नावं मराठीत होती. झिप उघडली तर सगळी अगम्य चिन्हं! नावं परत मिळतील का?

बहुतेक वेळा मिळतात. हा प्रश्न मराठी नावं ठेवणाऱ्यांना हमखास येतो, म्हणून जरा सविस्तर.

झिपचा जन्म झाला तेव्हा युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीचा एकच संकेत, नव्हतं. फाइलीचं नाव डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीच्या संकेतात आहे असं मानलं जाई. पुढे ‘हे नाव यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायच्या एका पद्धतीत) आहे’ सांगणारी एक खूण झिपमध्ये आली, पण काही प्रोग्राम, त्यात मॅकचा अंगचाही, नाव यूटीएफ-८ मध्ये लिहितात आणि खूणच करत नाहीत. मग उघडणारा प्रोग्राम ते डॉसच्या संकेताने वाचतो. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना-मात्रा-हलन्तसुद्धा, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं आणि त्यातले पहिले दोन जवळजवळ ठरलेले. म्हणून तुमच्या बिघडलेल्या नावात दर तीन चिन्हांनंतर ग्रीक अल्फा आणि त्याच्यामागे डोक्यावर लाट असलेला स्पॅनिश एन दिसेल. हे चिन्ह दिसलं की समजा, नाव शाबूत आहे, वाचणारा चुकतोय.

उपाय: सेव्हन-झिप कमांड लाइनवरून चालवा आणि सोडवण्याच्या आज्ञेत ‘एमसीपी’ हा पर्याय ६५००१ या आकड्यासह (-mcp=65001) द्या, तो यूटीएफ-८चा क्रमांक आहे. हे जमत नसेल तर पाठवणाऱ्याला सेव्हन-झेडमध्ये पाठवायला सांगा. तिथे नावं कायम युनिकोडमध्येच असतात. नवा रार प्रकारही (२०१३चा, ‘रार५’) याबाबतीत बिनघोर.

नावं बरोबर आहेत पण लिनक्सवर ‘नाव फार लांब’ म्हणून फाइल सुटतच नाही, असंही होतं. लिनक्सवर नावाला साधारण २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजीत ती २५५ अक्षरं, मराठीत मात्र तीन बाइटच्या हिशेबाने जेमतेम ८५, आणि त्यात काना-मात्राही मोजल्या जातात. विंडोजवर चालणारं लांबलचक मराठी नाव तिथे मावत नाही. विंडोजवरच आखूड करून पुन्हा बांधा.

१७. ‘सीआरसी एरर’ येतो. फाइल वाचवता येईल का?

प्रत्येक फाइलीसोबत तिच्या मजकुरावरून काढलेला एक तपासणीचा आकडा ठेवलेला असतो. सोडवल्यावर तो जुळला नाही की ही सूचना येते. पहिला उपाय: पुन्हा उतरवून घ्या. अर्धवट उतरलेली फाइल हे सर्वांत मोठं कारण असतं. मूळ आकाराशी ताडून बघा. वेगळ्या पेन ड्राइव्हवरून आणूनही बघा.

मूळच प्रत बिघडलेली असेल तर साध्या झिपमधल्या बाकीच्या फाइली तरी निघतात. सॉलिडचं प्रश्न ९मध्ये आलं आहे. रार बनवताना ‘रिकव्हरी रेकॉर्ड’ घातला असेल तर विनरारचं ‘रिपेअर’ चालवा. मर्यादेतलं नुकसान ते खरोखर भरून काढतं. पण हा रेकॉर्ड आधीच घातलेला असावा लागतो. नसेल तर ‘रिपेअर’ म्हणणारं कुठलंही सॉफ्टवेअर हरवलेले बाइट निर्माण करू शकत नाही.

१८. ‘पाथ टू लाँग’ येतं किंवा काही फाइली सुटतच नाहीत.

विंडोजमध्ये फाइलीच्या पूर्ण पत्त्याला, म्हणजे ड्राइव्हपासून नावापर्यंत, पूर्वापार २६० अक्षरांची मर्यादा आहे. डाउनलोड्समधल्या फोल्डरातल्या फोल्डरात सोडवू नका. थेट सी ड्राइव्हच्या मुळाशी एका अक्षराचं फोल्डर करून तिथे सोडवा. काम होतं.

१९. अशा प्रोग्राममधून व्हायरस येऊ शकतो का?

दोन वाटांनी. एक, आत आलेली फाइल. पासवर्ड असलेल्या झिपच्या आत अँटिव्हायरसला बघता येत नाही, म्हणून ‘बिल सोबत आहे, पासवर्ड १२३४’ अशा अनोळखी ईमेलपासून लांब राहा.

दुसरी वाट म्हणजे खुद्द प्रोग्राममधली त्रुटी. २०२३ मध्ये विनरारमध्ये अशी सापडली की आर्काइव्हमधल्या साध्या दिसणाऱ्या फोटोवर क्लिक केलं तरी भलतीच स्क्रिप्ट चालायची, ६.२३ आवृत्तीत ती बुजवली. सेव्हन-झिपमध्येही इंटरनेटवरून आलेल्या फाइलीबद्दलची विंडोजची सावधगिरीची खूण गळून पडण्याची त्रुटी होती, ती २४.०९ मध्ये दुरुस्त झाली. हे दोन्ही प्रोग्राम स्वतःहून अद्ययावत होत नाहीत. पाच वर्षांपूर्वी टाकलेलं आजही तसंच बसलेलं असतं. आत्ता ‘अबाउट’ उघडून आवृत्ती बघा. आणि नवीन उतरवताना सेव्हन-झिपचा अधिकृत पत्ता ‘डॉट ऑर्ग’वर संपतो हे लक्षात असू द्या, शोधात वर येणाऱ्या जाहिरातींवर जाऊ नका.

२०. जुने फोटो-कागदपत्रं एका मोठ्या सेव्हन-झेडमध्ये ठेवली की बॅकअप झाला ना?

एकाच डिस्कवर असेल तर तो बॅकअप नव्हे, दुसरी प्रत वेगळ्या जागी हवी. शिवाय शेकडो जीबीची एकच फाइल हाताळायला वाईट: एक फोटो वाढला तर सगळी पुन्हा लिहायची, आणि एके ठिकाणी बिघडली तर नुकसान किती पसरेल सांगता येत नाही. फोटो तसेच सुटे कॉपी करा. प्रश्न ७मुळे जागेचा तोटाही नाही. कागदपत्रं वर्षवार वेगवेगळ्या आर्काइव्हमध्ये ठेवा, बनवल्यावर लगेच ‘टेस्ट’ चालवा. दहा वर्षांनी उघडायचं असेल तर झिप सर्वांत बिनधोक.

२१. फोनवर उघडेल का?

झिप उघडते: आयफोनवर ‘फाइल्स’मध्ये, अँड्रॉइडवर बहुतेक फाइल मॅनेजरांत. रार आणि सेव्हन-झेडसाठी बऱ्याचदा वेगळं अ‍ॅप लागतं. म्हणजे फिरून प्रश्न ३च.

२२. एक्स्ट्रॅक्ट केल्यावर काही फाइलींची वेळ काही तासांनी चुकते, एकीवर तर १९८० साल आलंय!

मूळ झिप रचनेत वेळ डॉसच्या पद्धतीने लिहितात: पाठवणाऱ्याच्या घड्याळाची स्थानिक वेळ, कालविभागाचा उल्लेख नाही, आणि अचूकता दोन सेकंदांची. दुसऱ्या कालविभागातून आलेली झिप म्हणून मागे-पुढे दिसते. या मोजणीची सुरुवातच १ जानेवारी १९८०ला होते, त्यामुळे ज्या फाइलीची तारीख प्रोग्रामने भरलीच नाही ती तिथे जाऊन बसते. मजकुराला धक्का नसतो. तारखा महत्त्वाच्या असतील, उदाहरणार्थ फाइली काळानुसार लावायच्या असतील, तर सेव्हन-झेड वापरा. त्यात वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत साठवली जाते आणि उघडताना तुमच्या घड्याळाप्रमाणे दिसते.